पिचकारी, पुट्टी आणि शिकागोचं पांढरं शहर

गेले तीन वीकएंड लिखाणाला सुट्टी होती. कारण एकच, घराला रंग काढणे. ज्यांनी राहत्या घरात हे केलंय त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांनी अशी कल्पना करा की प्रॉडक्शन सर्व्हर चालू आहे, युजर आत जेवतायत, झोपतायत, आणि त्यांच्या डोक्यावर मायग्रेशन चाललंय.

तर झालं असं. वाकडचा आमचा फ्लॅट आम्ही रीसेलमध्ये घेतला. आधीच्या मालकांना हॉलची एक भिंत गर्द जांभळी आवडायची. आम्हाला आवडत नव्हती. दिवाळीला आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच इथे राहायला येणार होते, तेव्हा म्हटलं सगळं घर एकदम शुभ्र करून टाकू. मी नेहमीप्रमाणे 'रिसर्च' केला, म्हणजे रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले. अमेरिकेतलं कुठलंसं रिकामं घर, पांढरा सूट घातलेला माणूस, हातात बंदूक. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, की झाली खोली. भिंत कशी, तर नव्या लॅपटॉपच्या झाकणासारखी. ठरलं. आपल्याकडे पण मशीन.

सोसायटीत बरीच वर्षं काम करणारे एक पेंटरकाका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरला आणि म्हणाले, "सर, या भिंतीला लेवल नाय. पुट्टीचे दोन हात आणि घासाई. चार दिवस धरा. मग ब्रश मारा, रोलर मारा, मशीन मारा, तुमची मर्जी."

चार दिवस! एस्टिमेटमध्ये बफर कसा टाकतात हे मी रोज बघतो (आणि टाकतो). मला वाटलं काका बिल वाढवतायत. मी चार दिवस उडवले, जिथे भोकं होती तिथे फक्त बुजवायला सांगितलं आणि दुसऱ्या एका ठेकेदाराकडून मशीन आणि ते चालवणारा माणूस मागवला. शनिवारी सकाळी काम सुरू, दुपारी हॉल आणि एक बेडरूम खलास. मी विजयी मुद्रेने काकांकडे बघत होतो. काका चहा पीत होते.

संध्याकाळी ट्यूब लावली. आणि भिंतीने सगळं ओकून टाकलं. आधी जांभळ्या रंगाखाली लपलेला एकेक फुगवटा, एकेक खड्डा, वायरिंगसाठी केलेली आणि बुजवलेली खाच, सगळं सह्याद्रीच्या नकाशासारखं वर आलं. खिडकीजवळ संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. छताजवळ तर रवा चिकटवल्यासारखं खरखरीत. बायकोने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "जांभळा बरा होता."

पण माझ्या डोक्यात त्या दिवसाचं दुसरंच एक चित्र जास्त राहिलंय. मशीनवाल्याबरोबर एक मदतनीस होता, विशीचा. मी दारात उभा राहून बघत होतो तर कोविडच्या वेळचा उरलेला एन-९५ लावून, आणि तो खोलीच्या आत, त्या धुक्यात, तोंडाला रुमाल बांधून होज धरून. संध्याकाळी त्याने बाल्कनीत जाऊन नाक शिंकरलं. रुमाल पांढरा.

आपल्याकडे बग आला की आपण आधी लॉग बघतो आणि मग हिस्टरी. गिटमध्ये तर 'ब्लेम' नावाची कमांडच आहे, कोणती ओळ कोणी कधी लिहिली ते सांगणारी. मी या रंगाच्या बंदुकीचं ब्लेम काढायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात करू १८८० च्या दशकापासून. माझा मामा निफाडचा, द्राक्षबागायतदार. त्याच्या बोलण्यात पावसाळा आला की 'बोर्डो' येतं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने द्राक्षांच्या केवडा रोगावर हे औषध १८८५ मध्ये जाहीर केलं. औषध मिळालं, पण लाखो वेलींवर ते मारायचं कसं? केरसुणीने शिंपडत बसणं शक्य नव्हतं. त्यामुळे त्याच काळात पाठीवरचे फवारणी पंप जोरात आले. लक्षात घ्या, पंपातून फवारायचा पदार्थ होता चुन्याचं पाणी. आणि भिंतीला काय लावायचे? चुन्याचं पाणीच. कोणीतरी एक आणि एक दोन करणार हे उघड होतं.

ते कोणीतरी म्हणून नाव येतं जोसेफ बिंक्सचं. शिकागोत मार्शल फील्ड्सच्या घाऊक मालाच्या दुकानाची अवाढव्य दगडी इमारत १८८७ मध्ये उभी राहिली. बिंक्स तिथला देखभाल विभागाचा प्रमुख. त्याच्यापुढे काम होतं तळघराच्या भिंतींना पांढरा हात मारायचं. ब्रशने हे करायला किती माणसं आणि किती आठवडे लागतील याचा हिशोब करून त्याने हातपंपावर चालणारं फवारणी यंत्र बनवलं. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने नळी धरायची. तळघराच्या भिंतीला कोण हात लावून बघतोय? तिथे सवाल गुळगुळीतपणाचा नव्हताच, वेगाचा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहा वर्षांनी त्याच शिकागोत १८९३ चं जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याकडे शिकागो १८९३ म्हटलं की विवेकानंदच आठवतात. ती सर्वधर्मपरिषद त्या प्रदर्शनाचाच भाग, पण विवेकानंदांचं ११ सप्टेंबरचं भाषण प्रदर्शनाच्या पांढऱ्या इमारतींमध्ये झालं नाही. ते झालं तिथून दहाएक किलोमीटरवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. अर्थात जुलैअखेर शिकागोत पोचल्यावर त्यांनी प्रदर्शन पाहिलं होतं, म्हणजे या कथेतल्या भिंती त्यांच्या नजरेखालून गेल्या असणार.

त्या भिंती खऱ्या दगडाच्या नव्हत्या. आत लाकूड-लोखंडाचा सांगाडा आणि वर 'स्टाफ' नावाचा थर, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तागासारखे धागे. गणपतीच्या मूर्तीसारखाच मामला. पण आकार बघा. एकट्या 'मॅन्युफॅक्चर्स' नावाच्या इमारतीची लांबी १६८७ फूट, रुंदी ७८७ फूट. अशा मोठमोठ्या इमारतींची रांगच. प्रदर्शनाचा कामप्रमुख डॅनियल बर्नहॅम. रंगांचा प्रमुख होता विल्यम प्रेटीमन. प्रेटीमन गावाला नसताना बर्नहॅमने ठरवून टाकलं की सगळंच पांढरं करायचं. प्रेटीमन परत आला, भडकला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. (मॅनेजरने तुम्हाला न विचारता आर्किटेक्चर बदललंय, असा प्रसंग आठवून बघा.) त्याच्या जागी आला फ्रँक मिले, म्हणजे फ्रान्सिस डेव्हिस मिले. हा स्वतः नावाजलेला चित्रकार. कॅनव्हासवर बारीक कुंचल्याने काम करणारा माणूस, आणि त्याच्या गळ्यात पडलं एक आख्खं शहर पांढरं करायचं काम. उद्घाटन १ मे १८९३ ला. डेडलाइन हलणार नाही.

मिलेने प्रयोग करून पांढरं शिसं आणि तेल यांचं मिश्रण ठरवलं. गॅसच्या पाइपचा तुकडा घेऊन त्याचं तोंड बनवलं, त्याला होज जोडला आणि दाबाने रंग उडवायला सुरुवात केली. त्याच्या टोळीला लोक 'व्हाइटवॉश गँग' म्हणायला लागले. श्रेय कोणाचं यावर मतभेद आहेत. काही ठिकाणी बिंक्सलाच मानकरी मानतात, काही ठिकाणी मिलेला. मला विचाराल तर दोघांनाही गरजेने ढकललं. काम वेळेत झालं आणि त्या जागेला नावच पडलं, 'व्हाइट सिटी'.

हे पांढरं शहर फार टिकलं नाही. प्रदर्शन ऑक्टोबर १८९३ ला संपलं, १८९४ मध्ये लागलेल्या आगींत बऱ्याचशा इमारती गेल्या. तिथली कलादालनाची इमारत मात्र पुढे पक्क्या दगडात पुन्हा बांधून काढली, तिथे आज विज्ञान संग्रहालय आहे. आणि मिले? तो १९१२ मध्ये टायटॅनिकवर होता. वाचला नाही.

पण मी इथे मुद्दाम थोडा जास्त थांबलोय, कारण माझ्या बगची पहिली ओळ इथेच लिहिली गेली आहे. स्प्रे पेंटिंग जन्मलं ते दुरून बघायच्या भिंतींसाठी. तळघर आणि प्रदर्शन. कोणालाही भिंतीपासून दोन फुटांवर सोफा टाकून वर ट्यूब लावायची नव्हती.

मग गुळगुळीतपणा कुठून आला? तो आला एका घशाच्या डॉक्टरकडून. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचं शहर आहे. तिथल्या डॉ. ॲलन डीव्हिल्बिसने रोग्याच्या घशात औषध फवारण्यासाठी रबरी फुगा असलेलं एक उपकरण बनवलं आणि १८८८ मध्ये कंपनी काढली. फुगा दाबला की हवा जोरात जाते आणि औषधाचे अगदी बारीक तुषार होतात. पुढे त्याच्या मुलाने, थॉमसने, हेच तंत्र अत्तराच्या बाटल्यांना लावलं आणि १९०७ च्या सुमारास लाकडी फर्निचरवर पॉलिश फवारायची बंदूक केली. बिंक्सची पिचकारी होती, ही खरी बंदूक. थेंब बारीक, त्यामुळे थर एकसारखा.

घशाला आराम देण्यासाठी बनलेलं यंत्र. हे वाक्य वाचताना मला तो पांढरा रुमाल आठवला.

१९२० च्या दशकात या बंदुकीला खरं मार्केट मिळालं ते मोटारींमुळे. आधी मोटारीला ब्रशने वॉर्निशचे थर देऊन, वाळवून, घासून, पुन्हा थर देऊन रंगवायचे. आठवडेच्या आठवडे जायचे. १९२३-२४ मध्ये ड्यूपाँ आणि जनरल मोटर्सने 'ड्यूको' नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं. हे इतकं पटकन वाळायचं की ब्रश फिरवेपर्यंत केस त्यातच चिकटायचे. म्हणजे फवारण्यावाचून गत्यंतरच नाही. बंदूक कारखान्यात शिरली आणि तिथून घराच्या भिंतींकडे वळली. तिथे तिची गाठ पडली रंगाऱ्यांशी.

अमेरिकेतल्या रंगाऱ्यांची 'ब्रदरहूड ऑफ पेंटर्स' ही संघटना. तिची स्थापनाही १८८७ चीच, म्हणजे बिंक्सच्या पंपाचं आणि हिचं जन्मवर्ष एकच. या संघटनेच्या ठिकठिकाणच्या शाखांनी बंदुकीला कडाडून विरोध केला. काही शहरांत करारातच कलम घालून घेतलं की बंदूक चालणार नाही. पुढे काही ठिकाणी ब्रश किती इंच रुंद असावा यावरसुद्धा मर्यादा आल्या. वर्षानुवर्षं ठेकेदार या कलमांची टिंगल करत राहिले, की बघा, यांना यंत्र नको, यांना काम लांबवायचंय.

संघटनेचं म्हणणं होतं तब्येतीचं. ब्रशने रंग मारताना शिसं भांड्यात आणि भिंतीवर राहतं, फवारलं की ते हवेत जातं आणि हवेतून फुप्फुसात. लॅकरमधल्या बेंझीनसारख्या द्रावणांचंही तेच. आणि हे काही मनाचे खेळ नव्हते. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनिव्हात एक करार संमत केला, क्रमांक १३, फक्त पांढऱ्या शिशाच्या रंगाबद्दल. इमारतींच्या आतल्या भागात पांढरं शिसं वापरायला त्याने मनाई केली (रेल्वे स्टेशनं, कारखाने अशा काही जागा वगळून). जिथे वापर चालू राहील तिथल्यासाठी नियम दिले. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: रंग फवारताना होणारा धोका टाळण्याचे उपाय करा, आणि कोरडं घासताना-खरवडताना उडणाऱ्या धुळीचा धोका टाळा. १९२१! माझ्या हॉलमध्ये जे जे झालं, ते सगळं शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी कलमवार लिहून ठेवलं होतं. (अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली १९७८ मध्ये. भारतात घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. डबा घेताना त्यावरचा शिशाबद्दलचा मजकूर वाचायची सवय मला आता लागली आहे.)

मग ठेकेदार म्हणत होते ते खोटं? रंगाऱ्यांना पोटापाण्याची भीती नव्हती? होती की. बंदूकवाला एक माणूस ब्रशवाल्या कितीतरी जणांचं काम करतो हे त्यांना दिसत होतं. पण करारात 'आमची नोकरी जाईल' असं लिहिता येत नाही, 'आमची फुप्फुसं जातील' असं लिहिता येतं. दोन्ही भीत्या खऱ्या, बोलून दाखवण्याजोगी मात्र एकच. आमच्या टीममध्ये सध्या कोड लिहिणारी एआय टूल्स आली आहेत. मीटिंगमध्ये आम्ही सगळे अत्यंत गंभीर चेहऱ्याने कोडच्या क्वालिटीबद्दल आणि सिक्युरिटीबद्दल बोलतो. दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो ते खाली चहाच्या टपरीवर. असो.

घरांच्या भिंतींवर यानंतर बंदुकीपेक्षा मोठी क्रांती केली ती दोन साध्या गोष्टींनी. एक म्हणजे रोलर. त्याचं श्रेय सहसा टोरॉंटोच्या नॉर्मन ब्रेकीला देतात, १९४० चं. दुसरा पाण्यात मिसळणारा लेटेक्स रंग. 'ग्लिडन'चा 'स्प्रेड सॅटिन' १९४८ मध्ये आला, आणि टर्पेंटाइनच्या वासाशिवाय घर रंगवता यायला लागलं. आपल्याकडे मात्र ब्रशचंच राज्य होतं. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, त्या खट्याळ पोराच्या हातात काय होतं आठवतंय? रंगाचा डबा आणि ब्रश. रोलर नाही, बंदूक तर नाहीच.

आता मी ज्या मशीनवर भाळलो त्याच्याबद्दल. ते 'एअरलेस'. नावातच आहे, त्यात हवा नसते. मिनियापोलिसच्या रसेल ग्रे नावाच्या पार्किंगमधल्या कामगाराने तिथल्या कडाक्याच्या थंडीत गोठलेलं ग्रीस मोटारीत भरता यावं म्हणून दाबावर चालणारी ग्रीस गन बनवली, आणि त्यातून १९२६ मध्ये ग्रॅको कंपनी निघाली. घट्ट पदार्थ पंपाने ढकलायची ही विद्या १९५० च्या दशकात रंगाकडे वळली. यात रंगालाच प्रचंड दाब देतात आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर सोडतात. दाब किती, तर २००० ते ३००० पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये असतो ३२-३५. बंदुकीच्या टिपवर आकडा असतो, समजा ५१७. यातला पहिला आकडा दुप्पट करायचा: फूटभर अंतरावरून १० इंचांचा पट्टा पडेल. उरलेले दोन म्हणजे भोक ०.०१७ इंच. मला हे नोटेशन फार आवडलं. :)

एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. या बंदुकीच्या तोंडासमोर बोट गेलं तर रंग कातडीच्या आत घुसतो. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं. पण आत तो रंग नसांच्या आणि स्नायूंच्या कडेकडेने पसरतो, आणि लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट गमवावं लागू शकतं. माझ्या घरी तो मशीनवाला टिप तुंबली की दाब न सोडता अंगठ्याने पुसत होता. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

तर ब्लेमचं शेवटचं पान. भिंत गुळगुळीत का झाली नाही? याला इतिहासापेक्षा फिजिक्सने जास्त चांगलं उत्तर दिलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्चर्ड नावाच्या संशोधकाने ओल्या रंगाचा थर आपोआप सपाट कसा होतो याचं गणित मांडलं. रंगाचा पृष्ठताण उंचवटे खाली खेचतो, रंगाचा घट्टपणा त्याला विरोध करतो. गंमत पुढे आहे. सपाट व्हायला लागणारा वेळ दोन उंचवट्यांमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. अंतर निम्मं झालं तर वेळ सोळाव्या हिश्शावर येतो. थराची जाडी निम्मी केली तर वेळ आठपट वाढतो.

आता ब्रशच्या केसांच्या रेघा मिलिमीटरभर-दोन मिलिमीटर अंतरावर, रोलरचे दाणे त्याहून लांब, आणि बंदुकीचे थेंब अगदी बारीक. म्हणून बंदुकीचा थर सगळ्यात लवकर बसतो. व्हिडिओतली ती लॅपटॉपच्या झाकणासारखी भिंत खोटी नव्हती. पण थेंब ओले पोचले पाहिजेत. आमच्याकडे ऑक्टोबर हीट, पंखा चालू, आणि मशीनवाला छताजवळ लांबून उडवत होता. थेंब हवेतच अर्धे वाळले. तोच तो रवा. खिडकीजवळ रंग घट्ट आणि दाब कमी, त्यामुळे थेंब मोठे पडले आणि बसायच्या आत आवळले. ती संत्र्याची साल. मनगट फिरवून अर्धवर्तुळात मारलं की मध्ये जाड आणि कडेला पातळ थर होतो, तेही झालं होतं. एकेका पट्ट्यावर पुढचा पट्टा निम्मा चढवायचा असतो, तेही कुठे झालं कुठे नाही.

हे सगळं सुधारता येण्यासारखं. पण भिंतीच्या फुगवट्याचं काय? तो फूटभर लांबीचा. दोन मिलिमीटरशी तुलना केली तर दीडशेपट. दीडशेचा चौथा घात पन्नास कोटींच्या वर जातो. आणि खरं सांगायचं तर ते गणित तिथे लागूच होत नाही, कारण तो फुगवटा रंगाचा नाहीच, खालच्या गिलाव्याचा आहे. रंग निमूटपणे त्याच्या अंगाला चिकटतो. बंदूक जितकी चांगली, थर जितका एकसारखा, तितका तो फुगवटा स्वच्छ दिसतो. ब्रशच्या रेघांत आणि रोलरच्या दाण्यांत भिंतीचे दोष थोडेफार झाकले जातात. मी पैसे देऊन ते झाकणच काढून टाकलं होतं.

जुन्या वाड्यांतले गवंडी गिलाव्यावर 'नीरू' द्यायचे, म्हणजे बारीक चाळलेल्या चुन्याचा पातळ हात, आणि तो ओला असताना घोटत बसायचे. त्यावर रंग असो-नसो, भिंत गुळगुळीतच. आता गिलावा घाईत होतो आणि घोटायचं काम पुट्टीवर येतं. काकांनी मागितलेले चार दिवस ते हेच.

रविवारी सकाळी मी काकांना फोन केला. "काका, ते पुट्टीचं..." त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. "येतो," म्हणाले. मी कृतज्ञ आहे.

पुढचे चार दिवस माझ्या हॉलमध्ये रात्री दिवे मालवून काम चालायचं. काका एका हातात बल्ब भिंतीला लावून धरायचे, तिरप्या उजेडात सावली पडली की दुसऱ्या हाताने पत्रा फिरवायचे. वाळलं की पॉलिश पेपर. एक भिंत मी घासायला घेतली. अर्ध्या तासात खांदा गेला. धूळ मात्र सगळीकडे, भुवयांवर, चहात, पूजेच्या ताम्हणात. शेवटी व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप पेपरच्या शेजारी धरायची युक्ती केली, थोडी कमी झाली. मग प्रायमर, पुन्हा बल्ब, पुन्हा पत्रा. शेवटच्या दोन हातांसाठी मशीन परत बोलावलं, पंखे बंद, खिडक्यांवर प्लास्टिक, अंतर फूटभर, रंग गाळून घेतलेला.

यावेळी मी तीन चांगले कार्ट्रिजवाले मास्क आणले होते. काकांनी घातला. मशीनवाल्याने घातला. त्या मदतनीस मुलाने दहा मिनिटं घातला आणि मग गळ्यात लटकवला. "उकडतंय सर." आणि खरंच उकडत होतं, पंखे मीच बंद करायला लावले होते. मी दर अर्ध्या तासाने बाहेर बोलावून पाणी प्यायला लावलं, मास्क वर करायला सांगितलं. तो वर करायचा. मी वळलो की पुन्हा खाली.

आई-बाबा वसुबारसेला आले. बाबांनी आयुष्यभर साताऱ्याच्या घराला दर दिवाळीला स्वतः चुना मारलाय, निळीचं प्रमाण त्यांना तोंडपाठ. त्यांनी आल्या आल्या हॉलच्या भिंतीवरून तळवा फिरवला, अगदी काकांसारखा. काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलं आहे. मग बेडरूमच्या दारामागे गेले. तिथला तीन फुटांचा पट्टा आम्ही पुन्हा केला नव्हता, दार उघडं असलं की दिसत नाही म्हणून सोडला होता. बाबांचा हात तिथे थांबला.

"इथं काय झालं?"

मी सांगायला सुरुवात केली, शिकागोपासून. बाबांनी ऐकून घेतलं, खिळा मागितला आणि तिथे कालनिर्णय लटकवलं.